काकू, माझा व्हिसा त्यांच्या हातात आहे

ताई,

आम्हाला इंग्लंडमध्ये येऊन चौदा वर्षं झाली. आमच्या गावात मराठी घरं पंचवीस-तीस, सगळे एकमेकांना ओळखतात. दोन वर्षांपूर्वी मंडळात एक जोडपं यायला लागलं. तो आयटीत, गोड बोलणारा, खुर्च्या लावण्यापासून आरतीपर्यंत सगळ्यात पुढे. ती लग्न करून थेट इथे आली. सुरुवातीला बडबडी होती. आता कुणी काही विचारलं की आधी त्याच्याकडे बघते. तिचा फोनसुद्धा बहुतेक वेळा त्याच्याच खिशात असतो. गणपतीत हॉलच्या स्वयंपाकघरात पातेली घासताना तिची बाही वर सरकली आणि दंडावर बोटांचे काळेनिळे वळ दिसले. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, कुणाला सांगू नका. माझा व्हिसा त्यांच्या हातात आहे." तेवढ्यात तो दारात आला आणि बोलणं तिथेच थांबलं. तिला दिवस गेले असावेत असंही मला वाटतं. आमचे हे म्हणतात, दुसऱ्याच्या संसारात पडू नकोस. मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंना मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, चार मोठी माणसं दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालू. मला रात्री झोप लागत नाही. पोलिसांना कळवू का? की गप्प बसू?

— एक वाचक, इंग्लंड

प्रिय वाचक,

सगळ्यात आधी ती समजुतीची बैठक थांबवा. हे उत्तर वाचून होईपर्यंतही थांबू नका. त्या ज्येष्ठ बाईंना आजच फोन करा आणि सांगा, "माझा गैरसमज झाला होता, तसं काही नाही, कृपा करून कुणाशी बोलू नका." खोटं बोलायला मी सहसा कुणाला सांगत नाही, इथे सांगते आहे. बैठकीत तो मान खाली घालून ऐकून घेईल, कदाचित डोळ्यांत पाणीही आणेल, सगळ्यांच्या पाया पडेल. मग दोघं एकाच गाडीतून घरी जातील. घराचं दार बंद झाल्यावर तिने बाहेर तोंड उघडलं याची जी किंमत तिला मोजावी लागेल, ती बघायला त्या चार मोठ्या माणसांपैकी कुणीही तिथे नसेल.

तुमचा हेतू चांगला होता हे मला कळतं. एकटीला पेलवेना म्हणून तुम्ही कुणाशी तरी बोललात. पण "कुणाला सांगू नका" हे तिचं वाक्य आता जपायला हवं, कारण पंचवीस-तीस घरांच्या गावात बातमी संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जाते. यापुढे तिच्याविषयी बोलायचं ते तिच्याशी किंवा हेच काम करणाऱ्या लोकांशी.

ब्रिटनमधल्या आपल्या लोकांना समजुतीची सवय जुनी आहे. किरणजीत अहलुवालिया हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळची पंजाबातली, लग्न होऊन इंग्लंडमध्ये आलेली ही बाई दहा वर्षं मार खात होती. घरच्यांना सगळं ठाऊक होतं, तरी घराण्याच्या इज्जतीसाठी नांदायलाच सांगितलं गेलं. 1989 साली तिने झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. तो मेला आणि तिला जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेने तिची बाजू लावून धरली आणि 1992 मध्ये अपिलानंतर ती सुटली. त्या दहा वर्षांत कुणीतरी तिला नवऱ्यापासून दूर, सुरक्षित जागी पोहोचवलं असतं तर एक माणूस जिवंत राहिला असता आणि एक बाई तुरुंगात गेली नसती. मंडळातलं कुणी पुन्हा "समजूत" म्हणालं की मला ही आठवते.

आता तिच्या त्या वाक्याकडे येते. "माझा व्हिसा त्यांच्या हातात आहे." तिला हे कुणी सांगितलं असेल याचा अंदाज तुम्हालाही असेल. मी बरीच वर्षं इथे दुभाषी म्हणून काम केलं आणि हे वाक्य इतक्या जणींच्या तोंडून इतक्या सारख्या शब्दांत ऐकलं, की नवरे ते कुठे शिकून येतात असं वाटावं. कायद्याने व्हिसा देणं आणि रद्द करणं हे होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं काम आहे. नवरा फार तर त्यांना कळवू शकतो, की आमचं नातं संपलं. पुढचा निर्णय त्याचा नसतो. आणि हिंसेमुळे नातं तुटलं असेल तर तिच्यासाठी कायद्यात वेगळी वाट ठेवलेली आहे.

ती वाट कुठली, हे तिच्या व्हिसाच्या प्रकारावर ठरतं. हा भाग शांतपणे वाचा, कारण इथे चूक झाली तर महागात पडते. तो ब्रिटिश नागरिक असेल किंवा कायम वास्तव्य मिळालेला असेल, आणि ती त्याची जोडीदार म्हणून मिळालेल्या व्हिसावर असेल, तर घरगुती हिंसेची पीडित म्हणून ती स्वतःच्या नावावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकते. पाच वर्षं पूर्ण व्हावी लागत नाहीत. इंग्रजीची परीक्षा नाही, ब्रिटनविषयीच्या माहितीची ती दुसरी परीक्षाही नाही. फी मोठी आहे, पण हातात पैसेच नसतील तर माफ होऊ शकते. अर्ज तयार होईपर्यंत राहायचं कुठे आणि खायचं काय, यासाठी तीन महिन्यांची एक सवलत मिळते. तिला आता मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन म्हणतात. त्या काळात सरकारी मदतही घेता येते आणि कामही करता येतं.

पण तो कंपनीच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल आणि ती डिपेंडंट, म्हणजे त्याच्यावर अवलंबून म्हणून आलेली असेल, तर गोष्ट बदलते. आयटीतली पुष्कळ मराठी जोडपी याच गटात असतात. 2023 पासून अशा बायकांनाही ती तीन महिन्यांची सवलत मिळते. कायम वास्तव्याची वाट मात्र त्यांच्यासाठी उघडलेली नाही. शिवाय ती सवलत घेतली की आधीचा व्हिसा संपतो, तीन महिन्यांनी पुढे काय हा प्रश्न उरतो. काही जणींसाठी तरीही ती योग्य असते, काही जणींसाठी दुसरा मार्ग बरा असतो. म्हणून कुणाच्याही सांगण्यावरून तिने घाईने अर्ज भरू नये. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येक व्हिसाची खडान्‌खडा माहिती असल्याच्या थाटात बोलणारा एकजण हमखास असतो. त्याला तर अजिबात विचारू नका. इमिग्रेशनचा सल्ला या देशात नोंदणी केलेल्या सल्लागारानेच किंवा वकिलानेच द्यायचा असतो, इतरांनी देणं हा गुन्हा आहे. तुम्हीही देऊ नका. तुम्ही तिला एवढंच सांगा, "व्हिसा त्यांच्या हातात नाही. तुझ्या व्हिसावर काय लिहिलंय ते बघून नीट सांगणारी माणसं आहेत, आणि तुझ्यासारखीला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो." हे एक वाक्य ऐकून बायका रडायला लागलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यानंतर पहिल्यांदाच त्या पुढचं काहीतरी विचारतात.

तिला नोकरी करता येत नाही असंही त्याने सांगितलं असेल. बहुधा तेही खोटं आहे. जोडीदाराच्या व्हिसावर आणि स्किल्ड वर्करच्या डिपेंडंट व्हिसावरही काम करता येतं. आणि व्हिसा आता ऑनलाइन असतो. त्या खात्याला नवऱ्याने स्वतःचा ईमेल आणि फोन जोडलेला असतो, म्हणून तिला आपलीच कागदपत्रं दिसत नाहीत. हे बदलता येतं. फक्त ते कधी करायचं हे मदत करणाऱ्या बाईने ठरवावं, कारण बदल केला की त्याला कळण्याची शक्यता असते.

तिच्याशी बोलायचं कसं? व्हॉट्सॲपवर नाही. तिचा फोन त्याच्या खिशात असतो हे तुम्हीच लिहिलं आहे. ती कुठे आहे हेही त्या फोनवरून त्याला दिसत असेल असं धरूनच चाला. त्याच्यादेखत "जरा इकडे ये गं" असंही नको. पुरुष बसत नाहीत अशी जागा शोधा. संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्याकडे अजून होतं, आणि तिथे नवरे दाराशी सोडून जातात. तेवढा तास पुरतो. त्याआधी गाठ पडायला हवी असेल तर भाजणी दळायची आहे, लाडू वळायचे आहेत, असं काहीतरी काढा. त्याला ते निरुपद्रवी वाटलं पाहिजे. घरात दुसरं कुणी नसावं, तुमचे यजमानसुद्धा.

आणि मग कमी बोला. "का सहन करतेस?" हा प्रश्न विचारू नका, त्यात आरोप असतो. "मी असते तर दुसऱ्याच दिवशी निघाले असते" हेही नको. त्या दिवशी दंडावर जे पाहिलं ते तुम्ही विसरलेला नाहीत, तुमचा तिच्यावर विश्वास आहे, तिची काही चूक नाही, आणि तिने विचारल्याशिवाय तुम्ही काहीही करणार नाही, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ झालं. ती नाकारेल. कदाचित त्याचीच बाजू घेईल, "फार ताण असतो हो त्यांना" म्हणेल. घेऊ द्या. वाद घालू नका. दार लावून घेऊ नका.

ती बोललीच तर फक्त मारहाणीविषयी विचारू नका. पगार किंवा माहेरून आलेले पैसे कुणाकडे जातात, पासपोर्ट कुठे आहे, आईशी बोलताना तो स्पीकर लावायला लावतो का, सासू रोज व्हिडिओ कॉलवर तिची उलटतपासणी घेते का. 2021 च्या डोमेस्टिक अब्यूज ॲक्टमध्ये हे सगळं अत्याचारातच मोडतं: पैशाची अडवणूक, धाक, मानसिक छळ. नातेवाईकांनी केलेलंही त्यात येतं, त्यामुळे सासरची माणसं त्यातून सुटत नाहीत. सतत धाकात आणि ताब्यात ठेवणं हा 2015 पासून इथे स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अंगावर वळ नसले तरी.

एक गोष्ट मात्र जरूर विचारा, हळुवारपणे: त्याने कधी गळा धरला आहे का? मी हे मुद्दाम लिहिते आहे. एका तरुण मुलीच्या जबाबासाठी मला बोलावलं होतं. आदल्या भेटीत तिच्या नणंदेने दुभाष्याचं काम केलं होतं आणि कागदावर लिहिलं होतं, 'पती-पत्नीत शाब्दिक वाद'. मी तिच्या समोर बसले, मराठीत विचारलं, काय झालं गं. ती खाली बघत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी गळा दाबला. डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तर गॅसवरची कढई जळत होती." नणंदेने हे इंग्रजीत 'वाद' करून टाकलं होतं. मी शब्दशः सांगितलं तेव्हा समोरच्या अधिकारी बाईचं पेन थांबलं. तिने आधीचं पान बाजूला ठेवलं आणि नवं घेतलं. गळा दाबणं जिवावर बेतण्याची फार मोठी खूण मानली जाते, आणि 2022 पासून इंग्लंड-वेल्समध्ये तो वेगळा गुन्हा आहे. उत्तर 'हो' आलं तर संक्रांतीची वाट बघू नका. मदतवाहिनीला त्याच दिवशी फोन करा.

म्हणूनच दुभाष्याचं सांगते. पोलीस, दवाखाना, वकील, कुठेही तिला दुभाषी मागण्याचा हक्क आहे, आणि नवरा किंवा घरचं माणूस त्या जागी चालणार नाही असं ती सांगू शकते. तुम्ही मैत्रीण म्हणून शेजारी बसा, भाषांतर करू नका. मराठी माणसं इथे थोडी, म्हणून दुभाषी ओळखीचा निघेल ही तिची भीती अगदी खरी असते. दुसऱ्या शहरातला, फोनवरचा आणि बाईच हवी, असं मागता येतं. मागा.

आता फोन कुणाला करायचा. नॅशनल डोमेस्टिक अब्यूज हेल्पलाइन, 0808 2000 247. रेफ्यूज ही संस्था ती चालवते, चोवीस तास चालू असते, फोन फुकट आहे आणि दुभाषी मिळतो. नंबर कागदावर लिहून देऊ नका, पाठ करून घ्या: शून्य आठ शून्य आठ, दोन हजार, दोनशे सत्तेचाळीस. मराठीत लगेच तोंडी बसतो. तिने स्वतःच्या फोनवरून करण्यापेक्षा तुमच्या फोनवरून करावा. आणि ती तयार नसेल तर तुम्ही स्वतः करा. नाव न सांगता "मला एका ओळखीच्या मुलीची काळजी वाटते" एवढं म्हटलं तरी त्या बायका तुमच्याशी बोलतील. तुमची झोप उडाली आहे, तीही त्यांना सांगा.

दुसरा दरवाजा आपल्यासारख्या बायकांनी आपल्यासारख्यांसाठी उभ्या केलेल्या संस्थांचा. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स 1979 पासून लंडनमध्ये आशियाई आणि आफ्रिकन-कॅरिबियन बायकांसाठी काम करते आहे. 'सरकारी मदतीचा हक्क नाही' असा शेरा व्हिसावर असलेल्या बायकांसाठी तर या देशात सगळ्यात जास्त त्याच भांडल्या आहेत. कर्मा निर्वाणा ही संस्था इज्जतीच्या नावाने होणाऱ्या छळावर काम करते आणि फोनवर मदत देते. सर्वसाधारण संस्थेतली बाई चांगली असली तरी तिला 'सासू व्हिडिओ कॉलवर असते' किंवा 'माहेरी परत गेले तर धाकटीचं लग्न मोडेल' हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. या संस्थांत ते सांगावं लागत नाही. माझा अनुभव विचाराल तर व्हिसाचा घोळ आहे तिथे मी आधी यांच्याकडेच पाठवते.

'सरकारी मदतीचा हक्क नाही' या शेऱ्यामुळे सगळी दारं बंद होतात हाही गैरसमज आहे. घरभाड्याची मदत किंवा भत्ते मिळत नाहीत हे खरं. पण पोलीस, जीपी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, सरकारी खर्चाचा वकील, न्यायालयाचा संरक्षण आदेश, यांना तो शेरा लागूच होत नाही. नवऱ्याला जवळ येण्यापासून रोखणाऱ्या आदेशासाठी, ज्याला नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर म्हणतात, न्यायालय फी घेत नाही. आसरागृहात (त्यालाही इथे रेफ्यूजच म्हणतात) खोली मिळणं अशा बायकांना अवघड जातं, कारण खोलीचं भाडं बहुधा सरकारी भत्त्यातूनच येतं. तिथे त्या तीन महिन्यांच्या सवलतीचा किंवा संस्थांकडच्या निधीचा उपयोग होतो. अवघड म्हणजे अशक्य नव्हे, आणि हा हिशेब तिने एकटीने मांडायचा नाही.

पोलिसांविषयी तुम्ही थेट विचारलं आहे, म्हणून थेट सांगते. डोळ्यांदेखत मारहाण होत असेल, किंचाळ्या ऐकू येत असतील, तिने मेसेज केला "या", तर विचार करत बसू नका. 999 लावा. तिला हेही शिकवा, की मोबाइलवरून 999 लावून बोलता येत नसेल तर विचारल्यावर 55 दाबायचं, मग फोन पोलिसांकडे जातो. नुसतं 999 लावून गप्प राहिलं तर तो तुटू शकतो, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

पण आत्ता, तिला न विचारता, तुमच्या मनाने पोलिसांत कळवणं मला योग्य वाटत नाही. पोलीस दारात येतील, तो हसत दार उघडेल, ती "सगळं ठीक आहे" म्हणेल आणि पोलीस जातील. मग? शिवाय पोलीस आणि होम ऑफिस यांच्यात व्हिसाच्या माहितीची देवाणघेवाण होते, ही भीतीही निराधार नाही. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स आणि लिबर्टी या संस्थांनी 2018 मध्ये त्याविरुद्ध रीतसर तक्रार केली, 2020 मध्ये तपासणी यंत्रणांनी त्यांचं बरंचसं म्हणणं मान्य केलं, पण दोन्हींमध्ये पूर्ण भिंत घालायला सरकार तयार झालं नाही. तिचा व्हिसा चालू आहे तोवर तिला याचा धोका फार नाही. तरी आधी सल्लागार, मग पोलीस, असा क्रम जिथे जमेल तिथे बरा. जिवावर बेतलं तर मात्र क्रम वगैरे काही नाही.

ती गरोदर असेल तर तुमची काळजी वाढली हे बरोबरच आहे. गरोदरपणात मारहाण सुरू होते किंवा वाढते, हे दाई आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक असतं. त्याचमुळे इथल्या मिडवाइफ एकदा तरी बाईला एकटीला आत घेऊन घरी सगळं ठीक आहे का असं विचारतात. तिला हे आधीच सांगून ठेवा. त्या खोलीत तो नसेल, तिथे बोललं तर चालेल. तिथे किंवा जीपीकडे सांगितलेलं नोंदीत राहतं, आणि पुढे वकिलाला किंवा होम ऑफिसला पुरावा म्हणून त्याच नोंदी कामाला येतात. मात्र तिने आवर्जून सांगावं, की ही नोंद नवऱ्याला दिसेल अशा ॲपमध्ये येऊ देऊ नका. फोन त्याच्याकडे असतो ना.

आणि या एका गोष्टीकडे नीट लक्ष ठेवा. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे इतकं स्वाभाविक आहे की कुणाला शंका येत नाही. तो अचानक प्रेमळ होईल, तिकीट काढेल, "जा आईकडे, आराम कर" म्हणेल. मग तिथे गेल्यावर पासपोर्ट सासूकडे, इकडे होम ऑफिसला कळवलेलं की नातं संपलं, आणि ती तान्ह्या बाळासह तिकडेच अडकलेली. अशा किती तरी जणी आहेत. 2024 पासून जोडीदाराच्या व्हिसावरच्या, अशा टाकून दिलेल्या बायकांना देशाबाहेरून अर्ज करायची सोय झाली आहे, पण तिकडून लढणं फार दमवतं. ती खरंच माहेरी निघाली तर जाण्याआधी सल्लागाराशी बोलणं झालेलं असावं, आणि पासपोर्ट, व्हिसाची माहिती, लग्नाचा दाखला, त्या वळांचा फोटो, हे सगळं तुमच्याकडे असावं. तुमच्या कपाटात एका पाकिटात. वर नाव नको.

तिच्या आईवडिलांना कळवायचा मोह होईल. तिची परवानगी घेतल्याशिवाय नको. पुष्कळ वडील पहिला फोन जावयालाच करतात.

ती लगेच निघणार नाही, हेही धरून चाला. निघते म्हणेल, परत जाईल, पुन्हा म्हणेल. त्यात तुमच्यावर रागवेलही. सोडून जाण्याचा काळच सगळ्यात धोक्याचा असतो, आणि ते तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यामुळे कधी जायचं हे तिलाच ठरवू द्या. जायचंच ठरलं तर संस्थेच्या बाईने आखून द्यावं, तुम्ही आपल्या गाडीतून रात्री परस्पर नेऊन घरी ठेवू नका. तो पहिला तुमच्याच दारात येईल.

यजमानांना सांगा, तुम्ही कुणाचा संसार मोडत नाही आहात. त्यांना पटलं नाही तर सध्या वाद नको, फक्त हे त्याच्या कानावर घालणार नाही एवढा शब्द त्यांच्याकडून घ्या. तो शब्द महत्त्वाचा आहे. मंडळात तो आणि तुमचे यजमान एकत्र खुर्च्या लावत असतील.

तुम्ही तिला घरी बोलवाल तेव्हा तुमचा फोन चार्ज करून ठेवा. तिला तो हातात द्या आणि तुम्ही भाजणी घेऊन दुसऱ्या खोलीत जा. नंबर तिच्या तोंडी असेल, लावायचा की नाही ते ती ठरवेल. नाही लावला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा.

तुमची,
ताई